नवी गाय दावणीला बांधण्याआधी

पुण्याजवळच्या आपल्या कासारवाडीला नाशिक फाटा आहे. मुंबईचा रस्ता आणि नाशिकचा रस्ता इथेच मिळतात. शनिवारी चाकणचा गुरांचा बाजार भरतो आणि तिथली जनावरं टेम्पोत बसून गावोगाव पांगतात. ज्यांच्या दारात अजून गोठा आहे त्यांच्याशी, आणि गोठ्यावरून रोज दूध नेणाऱ्यांशीही मला बोलायचं आहे.

२०२२ साल आठवा. ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला गुरांच्या लम्पी त्वचारोगाची लागण आढळली. सप्टेंबरात सरकारला अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर करावं लागलं. गुरांचे बाजार बंद, त्यांची वाहतूक बंद, कोर्टाच्या परवानगीनं नुकत्याच सुरू झालेल्या बैलगाडा शर्यतीही बंद. डास, गोमाशी, गोचीड हा रोग पसरवतात, हे खरं. पण माशी उडून उडून किती लांब जाणार? जिल्हे ओलांडायला रोगाला गाडी आपणच देतो.

पुण्याला गुरांच्या साथी नव्या नाहीत. बुळकांडी या रोगानं गुरं पटापट मरत होती, तेव्हा १८८९ साली देशातली जनावरांच्या रोगांची पहिली प्रयोगशाळा पुण्यातच निघाली. १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली गुरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली आणि तिथे बुळकांडी पसरली. त्या धक्क्यातूनच १९२४ साली पॅरिसला जागतिक पशुआरोग्य संघटना उभी राहिली. बुळकांडी २०११ मध्ये जगातून गेली, लम्पी आणि लाळ-खुरकूत मात्र अजून आहेत.

लम्पीचा विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी उठेपर्यंत २८ दिवसही जाऊ शकतात. म्हणजे बाजारात तुम्ही दात बघता, कास बघता, चालवून बघता, सगळं चोख असतं, आणि रोग आत दडलेला असतो. म्हणून आणलेलं जनावर २८ दिवस वेगळं बांधा. त्याची बादली वेगळी, खराटा वेगळा, आणि त्याचं शेण-पाणी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये हातभर जागा मोकळी नसते, हे मला ठाऊक आहे. मग इसार देऊन गाय विकणाऱ्याच्याच गोठ्यात राहू द्या. तिथेच लस टोचा, तीन आठवडे थांबा आणि मग घरी आणा. लसीला जोर धरायला तेवढे दिवस लागतातच.

कानातला १२ अंकी बिल्ला बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. १ जून २०२४ पासून आपल्या राज्यात बिल्ल्याविना खरेदी-विक्रीला मनाई आहे. तो नंबर डॉक्टरांना दाखवा, कोणती लस कधी टोचली ते त्यांना नोंदीत बघता येतं. आणि एकच सुई चार जनावरांना वापरू देऊ नका, मग टोचणारा कितीही ओळखीचा असो.

आता दूध घेणाऱ्यांसाठी. लम्पी माणसाला होत नाही. उकळलेलं दूध बिनधास्त प्या. गोठ्यात एक गाय आजारी आहे असं कानावर आलं की गिऱ्हाईकं तुटतात, आणि मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. कारण तसा फटका बसलेला माणूस पुढच्या वेळी गाठी आलेली गाय लपवतो, नाहीतर रात्रीतून हेडीच्या, म्हणजे गुरांच्या दलालाच्या, हवाली करतो. मग ती कुठल्या बाजारात उभी राहते, कुणालाच कळत नाही. आजार कळवणं ही जनावरांच्या साथरोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे, पण ती पार पाडायला त्याला तुमचा आधार हवा. तो महिनाभर अडचणीत असताना त्याचा रतीब तोडू नका.

ताप आला, चारा सोडला, अंगावर गाठी दिसल्या किंवा तोंडातून लाळ गळून जनावर लंगडू लागलं, तर ते जागचं हलवू नका. आधी १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे.