स्मरणाची किंमत



संत्र्याच्या बागेत मातीची ओल मोजणारे लहानसे यंत्र पुरून ठेवता येते, हे पांढुर्णा-सौंसर भागातील आपणांपैकी काहींनी ऐकले असेल. असे यंत्र बहुधा सेलवर चालते. तो सेल दर आठवड्यास बदलावा लागला, तर शेतकरी कंटाळेल आणि यंत्र माळ्यावर जाऊन पडेल. म्हाताऱ्या आईच्या श्रवणयंत्राचीही तीच गत. तेव्हा यंत्रात वीज कोठे खर्च होते, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. तो घरखर्चाचाही आहे.

यंत्रास श्रम पडतात ते हिशेब करताना, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क हॉरोविट्झ यांनी २०१४ साली मांडलेल्या आकड्यांवरून असे दिसते की, एका साध्या बेरजेस जितकी वीज लागते तिच्या हजारो पट वीज चिपबाहेरील स्मृतीतून आकडा आणण्यास लागते. शिवाय ही स्मृती पाझरणाऱ्या मडक्यासारखी असते. तिच्यातील विद्युतभार साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. लहान यंत्रांत बहुधा दुसऱ्या प्रकारची स्मृती वापरतात. तिला असे भरावे लागत नाही. परंतु काम नसतानाही तिच्यातून थोडी वीज गळतच असते.

यावरील उपाय आपल्या गृहिणींना नवे वाटणार नाहीत. मिसळणाचा डबा चुलीजवळ असतो, वर्षाचे धान्य कोठीत. त्याचप्रमाणे वारंवार लागणारे आकडे जवळच्या लहान स्मृतीत ठेवावयाचे. रिकाम्या खोलीतील दिवा मालवतो, तसा न लागणाऱ्या कप्प्यांचा वीजपुरवठा बंद करावयाचा. जे जपून ठेवायचे ते वीज गेली तरी न विसरणाऱ्या स्मृतीत लिहावयाचे. विद्युतदाब निम्मा करता आला, तर स्मृतीच्या प्रत्येक हालचालीस लागणारी ऊर्जा सुमारे चौथाईवर येते.

या कामी मुंबईही मागे नाही. मापक यंत्रांच्या चिपमध्ये घडणीच्या वेळी बारीक दोष राहतात. त्यांची दुरुस्ती एका छोट्या स्मृतीत कायमची नोंदवावी लागते. मुंबईच्या आय. आय. टी.मधील प्राध्यापक उदयन गांगुली व त्यांचे सहकारी यांनी मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीच्या साहाय्याने अशी एकदाच लिहिता येणारी स्मृती सिद्ध केली. २०२१ साली ती जाहीर झाली. सिलिकॉन डायऑक्साइडचा अत्यंत पातळ थर वापरल्यामुळे तिच्यात लिहिण्यास वाढीव विद्युतदाब लागत नाही. साहजिकच वीज वाचते आणि जागाही.

आपल्या हातीही थोडे आहे. मातीची ओल मिनिटागणिक बदलत नाही. तासातून एकदा मोजली तरी पुष्कळ झाले. यंत्र घेताना किंमत विचारतोच. त्याबरोबर सेल किती महिने टिकतो आणि तो जवळच्या बाजारात मिळतो काय, हेही अवश्य विचारावे. जे यंत्र निजावयाचे जाणते, तेच गरिबाच्या घरी टिकते.