पाणी आणणारा हबशी

मलिक अंबरचं नाव आपल्याकडे येतं ते शाळेच्या पुस्तकातल्या एखाद-दुसऱ्या ओळीत, गनिमी काव्याने लढणारा म्हणून. परीक्षा झाली की तेही विसरतं. मैत्रिणींनो, मला मात्र तो पाण्यामुळे आठवतो.

१५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा, नाव चापू. लहानपणीच विकला गेला. मोखा, बगदाद असे बाजार बघत दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. गंमत म्हणजे चंगीझखान स्वतःही एकेकाळी गुलामच होता! तो वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. इतिहासकारांनी या बाईला एका वाक्यात उरकलंय. तिने तसं केलं नसतं तर?

१६०० साली चांदबिबी मारली गेली, अहमदनगर मोगलांकडे गेलं. तेव्हा अंबरने परांड्याला मुर्तजाला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभं केलं, त्याला आपली मुलगीही दिली. जहांगीर अंबरवर इतका जळे, की त्याच्या मुंडक्यावर आपण बाण सोडतोय असं चित्रच काढवून घेतलं. चित्रातच राहिलं ते! १६२४ साली भातवडीला अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजा एकदमच बुडवल्या. त्या लढाईत शहाजीराजेही त्याच्या बाजूने होते.

सासरी त्याच्या लेकीला मात्र दुसऱ्या राणीने गुलामाची पोर म्हणून हिणवलं, असं एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. पुढे राजा-राणीला विष दिलं गेलं, तेही अंबरच्याच सांगण्यावरून, असं तोच म्हणतो. हे काही मी झाकणार नाही. पण पोरीचा रंग आणि बापाचं कूळ काढणारी ती जीभ चारशे वर्षांत बोथट झालीय का? स्थळ बघायला आलेल्यांचं बोलणं आठवा.

आता पाणी. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगराकडचं मुरलेलं पाणी त्याने जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं, उतारावर, कुठलंही यंत्र न लावता. आमच्या झरीसारख्या गावात पाणी म्हणजे बाईच्या डोक्यावरचा हंडा. त्यामुळे दारापर्यंत पाणी आणणारा राज्यकर्ता मला लढाया जिंकणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो, काय करू!

१६२६ साली तो गेला. खुलदाबादला त्याची कबर आहे, जवळच पत्नी बीबी करीमाची. शाळांच्या सहली वेरूळला जातातच. तिथून खुलदाबाद पाच-सहा किलोमीटर. बाईंनी गाडी तेवढी पुढे घ्यायला सांगावी.