उचलीचा हिशेब

ग्रॅनाडा 1492 मध्ये पडले, हे आपण तकरिरींतून डोळे भरून ऐकतो. त्याच स्पेनने पुढे पेरूतल्या आदिवासींना पोतोसीच्या चांदीच्या खाणीत पाळीपाळीने जुंपले. नको असलेला माल गळ्यात मारून अधिकारी त्यांना कर्जात अडकवत. 1780 मध्ये तुपाक अमारू याविरुद्ध उठला. 1781 मध्ये कुस्कोच्या चौकात त्याला ठार मारले. त्याची कहाणी ऐकून आपण हळहळतो. दूरच्या मजलुमासाठी हळहळायला काही खर्च येत नाही.

पण पेण-रोह्याच्या कातकऱ्याचे काय? खैरापासून कात काढणारा हा समाज. इंग्रजांच्या 1878 च्या जंगल कायद्याने त्याचे रान हिरावले. 25 सप्टेंबर 1930 च्या चिरनेर जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांत नाग्या कातकरी होता. इंग्रज गेले. कातकरी मात्र पावसाळ्यात उचल घेतो आणि ती फेडायला बायकामुलांसह कोळशाच्या, विटांच्या भट्टीवर जातो. वही मालकाची, अंगठा त्याचा.

1976 च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली, तिच्यापोटीचे कर्जही रद्द झाले. तरी 'सगळेच असे करतात' म्हणणाऱ्या भट्टीवाल्यांत आपलेही भाईबंद आहेत. ते देणगी देतात, आपण गप्प बसतो.

मित्रहो, त्यांना एवढेच सांगा: वही मजुरापुढे उघडा, मजुरी दर आठवड्याला त्याच्या हाती द्या, जाऊ म्हणेल त्याला जाऊ द्या. हे सांगायची हिंमत नसेल, तर ग्रॅनाडासाठी आसवे गाळण्याचा आपल्याला हक्क नाही.