मोफत दवाखान्याची किंमत

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तरी मालेगावचा यंत्रमाग कामगार खोकला अंगावर काढतो. त्याची मजुरी विणलेल्या मीटरवर. केसपेपर, तपासणी, औषध अशा तीन रांगांत सकाळ गेली की तेवढी कमाई बुडाली. मग मेडिकलवाल्याच्या दोन गोळ्या. दोन आठवडे खोकला राहिला तर टीबीसाठी थुंकी तपासायला हवी, हे त्यालाही ठाऊक असते. आम्ही त्याला बेफिकीर म्हणत आलो, ते चुकलेच. (आमच्या घरात अम्मीचे गुडघेही मुलाच्या सुट्टीचीच वाट पाहतात.) मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी जुम्याच्या नमाजनंतर ओपीडी उघडी ठेवा. कामगार येतील, इन्शाअल्लाह.