गाडी घ्या, पण आधी हिशोब मांडा



सोयाबीनचे किंवा उसाचे पैसे हाती आले, की हल्ली घरात चारचाकीचा विषय निघतो. त्यात मागे डिकी असलेल्या मारुती डिझायरचे नाव हमखास येते. तेव्हा आज तिचीच पारख करू.

2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतील छोट्या गाड्यांवरचा कर कमी झाला. 2008 साली आलेली डिझायर त्याहून लांब होती. 2012 मध्ये तिची डिकी आखूड करून तिला या मापात बसवले. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे.

नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या नव्या डिझायरचे चार प्रकार आहेत: एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय आणि झेडएक्सआय प्लस. चारींत इंजिन एकच, 1.2 लिटरचे. सहा एअरबॅगही चारींत. त्या वेळी साध्या गिअरच्या गाडीत सर्वांत खालच्या आणि वरच्या प्रकारांत 2 लाख 90 हजारांचा फरक होता. तो पैसा मोठा पडदा, सनरूफ, चकचकीत चाके अशा गोष्टींत जातो. बियाणे तेच, पिशवी तेवढी रंगीत!

आता इंधन पाहा. डिझेल इंजिन 2020 मध्येच बंद झाले. राहिले पेट्रोल आणि सीएनजी. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे पेट्रोलवर लिटरला 24.79 आणि गॅसवर किलोला 33.73 किलोमीटर पडतात. पेट्रोल 100 रुपये आणि गॅस 90 रुपये धरला, तर किलोमीटरमागे साधारण 1 रुपया 35 पैसे वाचतात. पण गॅसची गाडी बाजारात आली तेव्हा 95 हजारांनी महाग होती. ते फिटायला 70 हजार किलोमीटर धावावे लागेल. महिन्याला 500 किलोमीटर फिरणाऱ्या घराला त्यासाठी अकरा-बारा वर्षे लागतील. शिवाय टाकी डिकीतली बरीच जागा खाते आणि गॅसचा पंप जवळ असावा लागतो. रोज कळंब-धाराशिव ये-जा असेल, तरच गॅस परवडेल.

आणखी एक गोष्ट. गाडीचे पोट जमिनीपासून 163 मिलिमीटर उंच आहे. पाच माणसे बसवून पावसाळ्यात पांदीने शेतात नेऊ नका. ते काम ट्रॅक्टरचे किंवा बैलगाडीचे.

शेवटी हप्त्याचे पाहा. हप्ता दरमहा येतो, आपला पैसा सुगीला येतो. निम्मी रक्कम रोख जमल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नका. खताबियाण्याचा पैसा तर गाडीत मुळीच घालू नका.