फाईल कुठे आहे?

‘फाईल’ ह्या शब्दाने पांढरपेशा माणसाला जेवढी धडकी भरवली आहे, तेवढी सावकारानेही भरवली नसेल. कचेरीत जावे तर ती सापडत नाही. सापडलीच तर ‘साहेबांच्या टेबलावर’ असते! बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हिशेब वाहणारे मेनफ्रेम नावाचे अवाढव्य संगणक फायली कशा मिळवतात, हे म्हणूनच मराठीच्या मास्तरानेही समजून घ्यावे. माझा भाचा त्याच धंद्यात आहे. जासईला आत्याकडे जमलो असता त्याने ते उलगडून सांगितले.

१९६४ साली आय.बी.एम. कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ जाहीर केली. तिच्यावर काम सोपवताना लागणाऱ्या फायलींची यादी आधी द्यावी लागे. प्रोग्रॅममध्ये फायलीचे नुसते टोपणनाव, खरे नाव यादीत. आचारी ‘तांदूळ आणा’ म्हणतो. कोलम की आंबेमोहोर, हे यजमानाच्या यादीत असते, तसेच हे. पण कोणती फाईल लागणार हेच काम सुरू झाल्यावर कळत असेल तर? त्यासाठी पुढे सोय झाली. प्रोग्रॅमने चालता चालता नाव सांगून फाईल मागावी, उघडावी, शेवटच्या नोंदीपर्यंत वाचावी, बंद करावी आणि परत द्यावी.

ह्या मागणीचे शिष्टाचार आहेत. नुसती वाचायची तर ‘सामाईक’ मागावी, म्हणजे इतरांनाही वाचता येते. एकट्यासाठी अडवून ठेवली, तर बाकीचे खोळंबतात. आणि नकार आला, तरी कारणासकट येतो. ०२१० हा संकेतांक आला, तर फाईल दुसऱ्या कामात अडकली आहे. थोडे थांबून पुन्हा मागावी. १७०८ आला, तर त्या नावाची नोंदच सूचीत नाही, नाव तपासावे.

आत्या हे लक्ष देऊन ऐकत होती. पनवेलहून उरणकडे जाताना लागणारे जासई हे दि. बा. पाटलांचे गाव. १९७० पासून नवी मुंबईसाठी ह्या पट्ट्यातल्या जमिनी संपादित होऊ लागल्या. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्याचे फळ. पण हक्क पदरात पडायचा, तर सातबारा हवा, फेरफार हवा, वारसनोंद हवी.

“तुझं मशीन निदान सांगतं तरी,” आत्या भाच्याला म्हणाली, “दुसऱ्याकडे आहे की मुळात नाहीच. आम्हाला एका कचेरीत अकरा महिने ‘उद्या या’ एवढंच सांगतात.”

तिचे बोलणे मला पटले. फाईल कुणाकडे अडकली असेल, तर माणूस थांबेल. नोंदच नसेल, तर जुना उतारा शोधील, नवा अर्ज करील. ‘उद्या या’ ऐकून त्याने करावे काय? नकाराचे दुःख सोसता येते. कारण न कळल्याने मात्र वर्ष जाते आणि मुदतही टळते.

तेव्हा वाचकहो, कचेरीत गेलात, तर एवढेच विचारा: नोंद नाही, की कुणाच्या ताब्यात आहे? उत्तर लेखी मागा. आत्या दिवाळीनंतर तसा अर्ज देणार आहे. मसुदा मीच लिहून देतो आहे.