विहिरीचा आलेख कोणी काढावा?

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या वृत्तपत्रांतून एक लहानसे कोष्टक नित्यनेमाने प्रसिद्ध होऊ लागते. महानगरपालिकेस पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांत आज सकाळी किती दशलक्ष लिटर साठा होता, ह्याचे ते कोष्टक असते. ह्या सातांची एकूण उपयुक्त क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यांपैकी एकट्या भातसाची ७,१७,०३७, तर तानसाची १,४५,०८०. हे दोन्ही जलाशय शहापूर तालुक्यातील. म्हणजे मुंबईच्या साठ्याचा सुमारे ६० टक्के भाग ह्या दोन जलाशयांतच आहे. मथळ्याचा मान मात्र अनेकदा तुळशी तलाव भरल्याच्या वार्तेस मिळतो. त्या तलावाची क्षमता अवघी ८,०४६ दशलक्ष लिटर. टक्केवारीचा स्तंभालेख काढला तर भरलेल्या तुळशीचा स्तंभ भरलेल्या भातसाइतकाच उंच दिसेल. क्षमतेचा वृत्तालेख काढला तर भातसाच्या वाट्याला १७८ अंश येतील आणि तुळशीला जेमतेम २ अंशांची फट मिळेल. जलाशय तेच, परंतु एक चित्र डोळ्यांना फसविते आणि दुसरे वस्तुस्थिती सांगते.

ज्या तालुक्यातून हे पाणी जाते, तेथील विहिरींचे कोष्टक मात्र कोणी छापीत नाही. शहापूर आणि मुरबाड ह्या तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तथापि काळ्या पाषाणाच्या ह्या डोंगराळ मुलखात पाणी मुरण्यास फारसा वाव नाही. ते ओढ्यानाल्यांवाटे वाहून जाते आणि होळी उलटली की कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहणे सुरू होते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ते काम मोलाचे आहे. परंतु अमुक पाड्याची विहीर कोणत्या आठवड्यात आटली, हे त्यातून कळत नाही. ते ठाऊक असते विहिरीवर ताटकळत उभ्या असलेल्या बाईला, आणि तिच्या सांगण्याला आकड्याचे वजन नसते.

ह्याच पाड्यांवरील मुले शाळेत स्तंभालेख, जोडस्तंभालेख, पुढे आयतालेख आणि वृत्तालेख शिकतात. पुस्तकात माहिती तयारच असते: कोण्या एका शाळेतील विद्यार्थ्यांचे आवडते खेळ, कोण्या एका दुकानातील विक्री. विद्यार्थ्याने कोपऱ्यात प्रमाण लिहावे, अक्षांना नावे द्यावीत, पट्टी धरून रेघा ओढाव्यात आणि गुण घ्यावेत. हे कौशल्य निरुपयोगी आहे असे कोणीही म्हणणार नाही. पण अर्थशास्त्राच्या पदवी वर्गापर्यंत आलेल्या विद्यार्थ्यासही 'हा आकडा कोणी, केव्हा, कशासाठी गोळा केला' असा प्रश्न सहसा सुचत नाही, ह्याचे मूळ येथे आहे. ज्याने आयुष्यात एकही आकडा स्वतः गोळा केलेला नाही, त्याला छापील आकडा आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

ह्याऐवजी दिवाळीनंतर दर सोमवारी सातवीच्या मुलांनी गावविहिरीत दगड बांधलेली दोरी सोडली तर काय होईल? दोरीला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी माराव्यात. (विहिरीला कठडा नसेल तर दोरी शिक्षकाच्याच हाती असावी, हे सांगावयास नकोच.) पहिल्याच दिवशी वाद निघेल. खोली कठड्यापासून मोजावयाची की जमिनीपासून? बायकांनी पाणी भरण्यापूर्वी की नंतर? एकदा ठरविलेली वेळ आणि जागा पुन्हा बदलावयाची नाही, हा सांख्यिकीतील प्राथमिक नियम मग फळ्यावर लिहून द्यावा लागत नाही. दहा-बारा आठवड्यांत कागदावर एक उतरती रेघ दिसू लागते, आणि ती तळाला केव्हा टेकेल ह्याचा अंदाज मुले आपण होऊन बांधू लागतात.

तीच गोष्ट हंड्यांची. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, ही ताळ्याची खूण मुलांना पुस्तकात भेटते. रतिबाच्या दुधाचा हिशेब भिंतीवर रेघांनीच ठेवणाऱ्या त्यांच्या आजीला मात्र त्यात नवल वाटणार नाही. समजा, दहा घरांपैकी नऊ घरांत दररोज पाच-पाच हंडे येतात आणि स्वतःची कूपनलिका असलेल्या एका घरात पंचावन्न. मध्य येतो दहा, मध्यक पाच. दहा हंडे तर एकाही घरात येत नाहीत! २०१९च्या जलजीवन मोहिमेने माणशी दररोज ५५ लिटरांचे माप ठरविले. ते पुरे पडल्याचे सरासरीवरून ठरवावयाचे की पाण्याच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या घरावरून, हा प्रश्न गणिताचा आहे आणि राज्यकारभाराचाही.

मुरबाडकडील एखाद्या शाळेने स्वतःच्या हजेरीपटाचा महिनावार आलेख काढून पाहावा. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पटावर नाव कायम असते, वर्गात मूल नसते. पटसंख्येची रेघ सपाट आणि प्रत्यक्ष उपस्थितीची रेघ मध्येच खचलेली, अशा दोन रेघा एकाच कागदावर शेजारी आल्या की त्यांमधील अंतराला उत्तर द्यावे लागते.

मुलांनी गोळा केलेले आकडे विश्वसनीय नसतील, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. दोन गटांनी एकाच विहिरीची दोन मापे आणावीत. ती जुळणार नाहीत, आणि का जुळली नाहीत हे शोधणे हाच त्या दिवशीचा पाठ ठरेल. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन ह्यांनी पिंपळे सौदागर ह्या खेड्याची घर आणि बांध धरून पाहणी केली, तिचा ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला. शेतजमिनीच्या तुकडेीकरणाची चर्चा त्यामुळे अंदाजावरून आकड्यांवर आली. त्या कामास यंत्र लागले नव्हते. लागले होते ते प्रत्येक दारी जाऊन विचारण्याचे कष्ट.

खरी अडचण निराळी आहे. शिक्षकास अभ्यासक्रम संपवावयाचा असतो, आणि सरकारी मोजणीची नाना कामे त्याच्याच माथी येतात. २०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही. १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून ती घेण्याचे सरकारने जून २०२५मध्ये अधिसूचित केले. अशा मोजणीस दारोदार फिरणाऱ्यांत शिक्षक नेहमीच मोठ्या संख्येने असतात. म्हणजे जो शिक्षक देशासाठी माहिती गोळा करतो, त्यालाच वर्गात मात्र पुस्तकातील आयत्या माहितीवर आलेख काढून घ्यावे लागतात. अंतर्गत मूल्यमापनातील थोडे गुण जरी गावात गोळा केलेल्या माहितीसाठी राखून ठेवले, तरी त्याला ह्या कामासाठी वेळ मागता येईल.

आणखी एक अडचण उघडपणे बोलली जात नाही. टँकरचा प्रस्ताव ग्रामपंचायतीने करावयाचा आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी पाहणी केल्यावर तो मंजूर व्हावयाचा, अशी रीत आहे. शाळेच्या भिंतीवर विहिरीचा आलेख लागला आणि त्यातील रेघ फेब्रुवारीतच तळाला टेकलेली दिसली, तर एप्रिलमध्ये पाहणीस येणाऱ्यांना ती वाचावी लागेल. काही ठिकाणी तो कागद काढून ठेवण्याची सूचना मुख्याध्यापकांना मिळेल, हेही गृहीत धरलेले बरे. त्यासाठी त्याची एक प्रत ग्रामसभेच्या कार्यवृत्तास जोडून ठेवावी.